ऑर्डिसला तीनदा विचारावं लागतं

ऑर्डिस टोलफसनला कॉफी पाजायची असेल तर तीनदा विचारावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी मी लिंडालला औषधाचं दुकान चालवायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती वड्यांचा पॅन घेऊन घरी आली. मी विचारलं, कॉफी घेणार का. ती म्हणाली, नको, उगाच तुला त्रास. मी बरं म्हटलं आणि विषय संपला. ती दीड तास बसली, आणि मी तिच्यासमोर दोन कप प्यायले. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीला जमलेल्या सगळ्यांना कळलं होतं, की नवी औषधवाली स्वभावाने बरी आहे, पण हात जरा आखडता आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. आमच्याकडे पाहुण्याचं नको कुणी कधी मनावर घेतलं नाही, ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढायची आमची रीत. पण मला वाटलं, ही अमेरिका, इथे नको म्हणजे नको. बाकीच्या अमेरिकेत असेलही तसं. मिनेसोटातल्या आमच्या लिंडालमध्ये पहिलं नको म्हणजे ऐकू आलं, दुसरं नको म्हणजे तू मनापासून विचारतेस का ते पाहते, आणि तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, अर्धा कप, केलीच असशील तर. मग ती तीन कप प्यायची.

वड्यांचीही अशीच तऱ्हा. पॅनमधली शेवटची वडी कुणी उचलायची नाही. सुरीने तिचे दोन भाग करायचे, एक घ्यायचा, एक ठेवायचा. पुढचा माणूस त्या उरलेल्याचे दोन करणार. नखाएवढा तुकडा पॅनमध्ये तसाच घरी परत गेलेला मी कितीदा पाहिला आहे. आणि पॅन कुणाचा हे तळाशी चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं, कारण तो कुणाचा म्हणून विचारणंसुद्धा आगाऊपणाचं.

लिंडालमध्ये सगळेच असे, पण ऑर्डिस सगळ्यांच्या वर. ऑर्विलने तिला पहिल्यांदा लग्नाचं विचारलं ते जत्रेत, ऑगस्टमध्ये. ती म्हणाली, तुला माझ्यापेक्षा चांगली कुणी मिळेल. त्याने नोव्हेंबरात पुन्हा विचारलं. ती म्हणाली, घाई कशाला. बर्फ वितळल्यावर त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, दुसरं कुणी दिसत नसेल तर बरं. एकदा त्यांच्या धुराड्याला आग लागली. अग्निशामक दलाला फोन करून तिने आधी विचारलं, तुम्ही जेवायला तर नाही ना बसलात. स्वयंपाकघराची एक भिंत त्या सभ्यपणात गेली.

शाळेच्या स्वयंपाकघरात मात्र तिने एकोणतीस वर्षं काढली ती वेगळ्याच कायद्याने. तिथे ती पोरांना एकदाच विचारायची आणि पोर नको म्हणालं तरी वाढायची. दुसऱ्याला देताना तिला कसलीच भीड नव्हती, जी होती ती सगळी घेताना.

तिला तिची मुलगी ब्रिटा त्रेचाळिसाव्या वर्षी झाली, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर. ऑर्विल काउंटीतल्या रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा सरकारी ट्रक चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी पोरीला घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसायचा. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि चार तास गप्प राहायचं. ब्रिटा सहा वर्षांची असताना तिने विचारलं, वर एवढं गोठतं तर खाली पाणी कसं राहतं. ऑर्विल म्हणाला, मला माहीत नाही, तू शोध. तिने ते मनावर घेतलं. पंधराव्या वर्षी तिच्या खोलीत बाटल्यांमध्ये सात तळ्यांचं पाणी होतं आणि वह्यांमध्ये त्यांची तापमानं.

ब्रिटा अकरावीत होती त्या जानेवारीत ऑर्विल गेला. पहाटे रस्ता साफ करताना छातीत कळ आली. त्याने ट्रक कडेला नीट लावला, इंजिन बंद केलं, धोक्याचे दिवे लावले आणि मग तो गेला. कुणाच्या वाटेत यायचं नाही, हे त्याने शेवटपर्यंत पाळलं. त्यानंतर ऑर्डिसच्या तोंडून ऑर्विल गेला हे शब्द मी ऐकले नाहीत. ती म्हणायची, ऑर्विल असता तर हे बिजागर एव्हाना बसवलं असतं. एवढंच. त्यात शाळेने तिचे तासही निम्मे केले. कशी आहेस विचारलं की म्हणायची, अगदीच वाईट नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चअखेर ब्रिटाच्या हातात दोन कॉलेजांची प्रवेश दिल्याची पत्रं आली. एक टोरव्हिक कॉलेज, आमच्यापासून दोन तासांवर. त्यांचं स्वतःचं तळं आहे, तळ्याकाठी प्रयोगशाळा आहे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी बर्फाखालचं पाणी तपासतात. दुसरं विस्कॉन्सिनमधलं प्रेंटिस कॉलेज. ते चांगलं आहे, पण तिथे तळ्याच्या नावाने हौदसुद्धा नाही. प्रेंटिसने फीसाठी मदत भरपूर दिली होती. आम्ही तिघी ऑर्डिसच्या टेबलाशी बसलो. मी दोन्ही पत्रांतली कर्जं बाजूला काढली, कारण कर्जाला मदत म्हणण्याची या कॉलेजांना वाईट खोड आहे. उरलं ते असं, की टोरव्हिक वर्षाला सहा हजार चारशे डॉलरने महाग पडत होतं. ब्रिटाने तो आकडा पाहिला, टोरव्हिकचं पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, प्रेंटिसही अगदीच वाईट नाही. आईची लेक. मग वर जाऊन तिने दार लावून घेतलं.

मी ऑर्डिसला म्हटलं की यावर उपाय आहे. कॉलेजला मदत वाढवून मागता येते. सरळ लिहायचं: आमच्या घरी असं असं झालं, दुसरं कॉलेज एवढं देतंय, मुलीला तुमच्याकडेच यायचंय, तर फरक भरून काढा. लोक सर्रास लिहितात. ऑर्डिसचा चेहरा असा झाला, की मी जणू तिला कुणाच्या खिशात हात घालायला सांगत होते.

"एकदा त्यांनी वाढलंय," ती म्हणाली. "आता ताट घेऊन परत उभं राहायचं?"

तीन दिवसांनी तिने पत्राचा कच्चा मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं की आपण खूप कामात असाल, आपण दिलेल्या मदतीने आम्ही आनंदात आहोत, सगळ्या मुलांना वाटून झाल्यावर काही उरलंच आणि ते वायाच जाणार असेल तर ब्रिटाचा विचार करावा, पण नाही केला तरी काही बिघडणार नाही. मी डोक्याला हात लावला. प्रेंटिसचा त्यात उल्लेखच नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणे, दुसऱ्या घरी जास्त चांगलं जेवलो असं यजमानाला कुणी सांगतं का. मी विचारलं, आणि ऑर्विलचं? ते लिहायलाच हवं. ती म्हणाली, लिहिते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लिहिलं, आणि पाकीट चिकटवूनच माझ्यासमोर धरलं.

कॉलेजचा फोन आला, की प्रत्यक्ष येऊन भेटा. उत्तर द्यायची मुदत एक मेची, आणि भेट ठरली चोवीस एप्रिलला. गाडी मी चालवणार होते. निघताना ऑर्डिसने मला वचन द्यायला लावलं की मी आत एक अक्षर बोलणार नाही. माझा स्वभाव गावाला माहीत आहे. मी वचन दिलं, पण प्रेंटिसचं पत्र ब्रिटाकडून मागून माझ्या पर्समध्ये ठेवलं. ऑर्डिसच्या मांडीवर रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा पॅन होता. मागच्या सीटवर ब्रिटा दोन तास खिडकीबाहेर पाहत होती. पोचल्यावर ती म्हणाली, मी जरा तळ्यापर्यंत जाऊन येते. शेवटचं बघून घेते, असं ती म्हणाली नाही, पण मला तसंच ऐकू आलं.

मदतीचा विभाग ज्यांच्या हाती होता ते मिस्टर डिनार्डो न्यू जर्सीचे निघाले. चार महिन्यांपूर्वीच इकडे आलेले. माणूस सज्जन, पण बोलणं फटाफट. वड्या पाहून खूश झाले, न विचारता एक उचलली, लगेच दुसरी उचलली. ऑर्डिस माझ्याकडे पाहायचं टाळत होती. पॅन लहानच होता. बोलता बोलता एकच वडी उरली. ऑर्डिसने तिचे दोन केले आणि एक घेतला. मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, उरलेल्याचे दोन केले.

"तुमचं पत्र मी दोनदा वाचलं," ते म्हणाले. "तुम्हाला नक्की काय हवंय तेच कळलं नाही."

ऑर्डिस म्हणाली की तसं खास काही नाही. मी जीभ आवरली.

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. मदतीच्या फॉर्मवर, नियमाप्रमाणे, दोन वर्षांपूर्वीची मिळकत होती, ऑर्विलचा पूर्ण वर्षाचा पगार धरून. आणि वैवाहिक स्थितीच्या चौकटीत ऑर्डिसने विवाहित या शब्दापुढे खूण केली होती. तिच्या वाट्याचा भाग तिने खोलीचं दार लावून एकटीने भरला होता, त्यामुळे हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पत्रात तुम्ही लिहिलंय, ऑर्विल सध्या कामावर जात नाही," डिनार्डो म्हणाले. "दुसरं काम शोधताहेत का ते?"

"नाही," ऑर्डिस म्हणाली.

"पुढे मिळण्याची काही शक्यता?"

"तसं दिसत नाही."

"अर्धवेळ, बसून करण्यासारखं काही?"

ऑर्डिसने थोडा विचार केला. "जड जाईल त्याला," ती म्हणाली.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. वचन नसतं तर मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं असतं, आणि त्यानंतर ऑर्डिस माझ्याशी जन्मात बोलली नसती. डिनार्डोंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की घरी बसून राहणारा, बायकोला पुढे करणारा कुणी आळशी ऑर्विल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा आहे. तरी त्यांनी मन मोठं केलं. म्हणाले, नवऱ्याची नोकरी गेली असं धरून मी वर्षाला पंधराशे वाढवून देऊ शकतो.

ऑर्डिस म्हणाली, "अहो नको, फार होतात ते. तुम्हाला इतरही मुलं आहेत."

लिंडालमध्ये ही बोलण्याची सुरुवात झाली असती. डिनार्डोंनी मान हलवली, असं म्हणणारे पालक विरळा म्हणून तिचे आभार मानले, आणि फाइल मिटली. पंधराशेही गेले. ऑर्डिस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसली, हात मांडीवर, चेहऱ्यावर अदबीचं हसू. ते घड्याळाकडे पाहत होते. मला लिंडालमधल्या पहिल्या आठवड्यातली माझी कॉफीची किटली आठवली आणि त्या माणसाचा रागही येईना, कारण मीही हेच केलं होतं.

मग डिनार्डोंनी हात पुढे केला, पॅनमधला तो पाव तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. शेवटचा. सहज, बोलता बोलता. वर म्हणाले, छान झाल्यात, वाया कशाला घालवायच्या.

ऑर्डिसने रिकाम्या पॅनकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिचं हसू हळूहळू मावळलं आणि मला वाटलं, ही आता उठणार, आभार मानणार आणि आम्ही घरी जाणार. तिने पर्स उघडली. आतून चर्चच्या पत्रकात घडी करून ठेवलेला एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. मृत्यूचा दाखला होता तो. कडा मऊ पडल्या होत्या, इतके दिवस ती तो बरोबर घेऊन हिंडत होती.

"माझा नवरा गेला," ती म्हणाली. "मागच्या वर्षी जानेवारीत. तुमच्या चौकटीत मी लग्न झालंय असं लिहिलं, कारण माझं लग्न मोडलेलं नाही. त्याचा पगार बंद झालाय आणि माझे शाळेतले तास निम्मे केलेत. मुलीला तळ्यांचा अभ्यास करायचाय, तो तिच्या बापाने तिच्या डोक्यात भरवलाय, आणि तो तुमच्याकडेच होतो. मला वर्षाला सहा हजार चारशे डॉलर कमी पडतात."

मग तिने श्वास घेतला. "आणि मघाशी मी नको म्हटलं ते आमच्याकडे तसं म्हणायचं असतं म्हणून. तुम्ही परत विचारा."

डिनार्डोंचा चेहरा उतरला होता. जड जाईल त्याला, हे उत्तर बहुधा त्यांना आता कळलं होतं. त्यांनी दाखला दोन्ही हातांनी उचलून वाचला, आणि मनापासून माफी मागितली. मग हळूच विचारलं, दुसऱ्या कुठल्या कॉलेजने काही दिलंय का. ऑर्डिसचं तोंड उघडायच्या आत मी प्रेंटिसचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मी एक अक्षर बोलले नाही, वचन वचन असतं. ते पाहून ते म्हणाले, आमच्या न्यू जर्सीत हे आधी टेबलावर आपटतात आणि मग नमस्कार करतात.

समितीपुढे ठेवावं लागेल, आठवडाभरात कळवतो, तोवर जागा राखून ठेवतो, असं ते म्हणाले. आणि मग, टेबलावरून जरा पुढे वाकून, नवशिक्यासारखं विचारलं, "मिसेस टोलफसन, ही मदत तुम्हाला हवी आहे का?"

मी टेबलाखाली तिच्या बुटावर माझा बूट ठेवला. पण गरज पडली नाही.

"हो," ऑर्डिस म्हणाली.

दुसऱ्याच विचारण्याला हो. मी ते माझ्या कानांनी ऐकलं, लिंडालमध्ये अजून कुणाला खरं वाटत नाही.

ब्रिटा गाडीपाशी उभी होती, तिचे बूट चिखलाने भरले होते. काय झालं, असं तिने विचारलं नाही, आणि ऑर्डिसनेही सांगितलं नाही. निम्मा रस्ता झाल्यावर ऑर्डिस मागे न वळता म्हणाली, "ब्रिटा, मी आज त्यांना सांगितलं की बाबा गेले." मग ब्रिटाने हात पुढे करून आईच्या खांद्यावर ठेवला, आणि दोघी रडल्या. मीही रडले. गाडी कडेला लावावी लागली. मी धोक्याचे दिवे लावले, आणि ते टिकटिकायला लागल्यावर आम्हा तिघींनाही ऑर्विल आठवला.

सहाव्या दिवशी पत्र आलं. टोरव्हिकने वर्षाला सात हजार वाढवून दिले होते, सहाशे जास्तीचे, पुस्तकांसाठी. ब्रिटा अंगणात ओरडत धावली, शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं. ऑर्डिस मात्र पत्र घेऊन माझ्याकडे आली, अस्वस्थ. म्हणाली, मी सहा हजार चारशे म्हटलं होतं. वरचे सहाशे कसे घ्यायचे. त्या संध्याकाळी तिने डिनार्डोंना सुबक अक्षरात पत्र लिहिलं, की आपण फारच केलंत, सहाशे परत घ्यावेत, दुसऱ्या कुणा मुलाला होतील. ते पोस्टात टाकायला तिने माझ्याकडे दिलं, कारण माझं दुकान पोस्टाला लागून आहे.

पत्र माझ्या गल्ल्याखालच्या खणात आहे. मला त्याची लाज नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने पुन्हा सात हजार दिले. ऑर्डिसने पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा माझ्याकडे दिलं. खणात आता दोन झाली. ब्रिटा त्या हिवाळ्यात तळ्यावरच्या बर्फाला भोकं पाडत होती आणि आईला फोनवर पाण्याची तापमानं सांगत होती. ऑर्डिस ती कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

तिसऱ्या वर्षीही सात हजार आले. मी वाट पाहिली, पण ऑर्डिस पत्र घेऊन आली नाही. एका दुपारी ती वड्यांचा पॅन घेऊन दुकानात आली, मी कॉफीचं विचारलं, ती नको म्हणाली, मी दुसऱ्यांदा विचारलं, ती नको म्हणाली. मध्येच मला राहवलं नाही. मी विचारलं, या वर्षी कॉलेजला पत्र नाही का लिहायचं.

"नाही," ती म्हणाली. "दोनदा नको लिहिलं, तरी तिसऱ्यांदा दिलेच त्यांनी. आता घ्यायला हरकत नाही." मग समाधानाने मान हलवली. "न्यू जर्सीचा असला तरी शिकला हो तो माणूस."

मी खणाकडे पाहिलं नाही. मी तिला तिसऱ्यांदा कॉफीचं विचारलं.